सातबाऱ्याचा फेरफार आणि आज्ञावलीचा फेरफार

शेतजमिनीची मालकी, तिच्यावरील बोजा, शेतात उभे असलेले पीक आणि त्या पिकाच्या आधारे मिळणारे कर्ज, अनुदान वा नुकसानभरपाई या सर्व बाबी आज संगणकावरील नोंदींवर अवलंबून आहेत. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक महसुली गावे असून तेथील सातबारा उताऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी आहे. या उताऱ्यांचे हस्तलिखित दप्तर आता बाजूला झाले असून त्याची जागा संगणकीय अभिलेखाने घेतली आहे. हा अभिलेख ज्या आज्ञावलीवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर, चालतो ती निर्दोष आहे काय, तिची तपासणी कोणी व कशी केली आणि तिच्यात वेळोवेळी होणारे बदल कोणत्या शिस्तीने केले जातात, हे प्रश्न म्हणूनच केवळ पुण्या-मुंबईच्या तंत्रज्ञांचे राहिलेले नाहीत. ते गावच्या शेतकऱ्याचे, सरपंचाचे, शिक्षकाचे आणि महसूल कर्मचाऱ्याचेही प्रश्न झाले आहेत.

तंत्रज्ञांच्या भाषेत या विषयाची दोन अंगे आहेत. एक गुणवत्तेची हमी आणि दुसरे बदलांचे व्यवस्थापन. हे शब्द नवीन वाटले तरी त्यांमागील विचार आपल्या ग्रामीण प्रशासनाला नवा नाही. गावच्या फेरफार नोंदवहीत तो अनेक वर्षांपासून रुजलेला आहे. त्या परिचित नोंदवहीच्या आधारे हा विषय समजावून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नायगावचे उदाहरण

नांदेडहून नरसीमार्गे देगलूर व हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर नायगाव हे तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्वी हा भाग बिलोली तालुक्यात होता. १९९९ साली नायगाव हा स्वतंत्र तालुका झाला. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि ज्वारी ही या भागातील प्रमुख पिके होत. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे येथील जमिनीच्या दप्तरानेही अनेक स्थित्यंतरे पाहिली आहेत. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील उर्दू व मोडीतील कागद, त्यानंतरची खासरा पाहणी पत्रके, एकत्रीकरणानंतर आलेले गट क्रमांक, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आरमध्ये झालेले रूपांतर आणि शेवटी संगणकीकरण, अशा एकामागून एक टप्प्यांतून आजचा सातबारा तयार झाला आहे. प्रत्येक टप्प्यावर नोंद एका नमुन्यातून दुसऱ्या नमुन्यात उतरली आणि प्रत्येक उतरवणीत चूक शिरण्यास वाव राहिला.

गावाच्या नावाचेच पाहा. नायगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव असलेले सातारा जिल्ह्यातील नायगाव सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत दादरजवळ नायगाव आहे आणि वसईच्या परिसरातही आहे. तालुक्याच्या गावाला माहितगार माणसाने पाहिले तर त्याचा घोटाळा होणार नाही. संगणकाला मात्र अशी जाण नसते. त्याला नाव हे केवळ अक्षरांची ओळ आहे. त्यात तालुके विभागले जातात आणि जिल्ह्यांची नावेही बदलतात. १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले. केवळ नावावर विसंबून रचलेली आज्ञावली अशा प्रत्येक वेळी अडखळेल. म्हणून प्रत्येक गावाला एक कायम संकेतांक द्यावा आणि सर्व नोंदी त्या संकेतांकाशी जोडाव्यात, हा उपाय योजण्यात येतो. सप्टेंबर २०२० मध्ये सातबाऱ्याचा जो सुधारित नमुना ठरविण्यात आला, त्यात गावाच्या नावासोबत हा संकेतांकही छापण्याची तरतूद आहे. बदल होणारच, हे गृहीत धरून आधीच केलेली अशी रचना हा गुणवत्तेचा पहिला पुरावा होय.

गुणवत्ता म्हणजे काय?

आज्ञावलीची गुणवत्ता म्हणजे पडद्यावरील आकर्षक रंग नव्हे किंवा काम करण्याचा वेगही नव्हे. ज्या कामासाठी ती तयार केली ते काम तिने दरवेळी बिनचूक करावे, चुकीची माहिती भरली गेल्यास ती ओळखून थांबावे, आणि अडचण आली तरी नोंद नष्ट होऊ देऊ नये, ही गुणवत्तेची खरी लक्षणे आहेत. बंधाऱ्याचे बांधकाम पुरे झाल्यावर केवळ वरून पाहून त्याच्या मजबुतीचा निर्णय घेता येत नाही. पाया खोदताना, सिमेंट-वाळूचे प्रमाण ठरविताना आणि थर घालताना जी तपासणी झाली असेल तिच्यावर त्याची मजबुती अवलंबून असते. आज्ञावलीचेही तसेच आहे. शेवटी केलेली चाचणी आवश्यकच असते, परंतु तेवढ्याने हमी मिळत नाही. मागणी लिहून घेण्यापासून प्रत्यक्ष वापरापर्यंत प्रत्येक पायरीवर तपासणीची व्यवस्था असणे, यालाच गुणवत्तेची हमी म्हणतात.

मागणी लिहून घेणे ही पहिली पायरी. येथे झालेली चूक पुढे सर्वांत महाग पडते. एक अलीकडचे उदाहरण घेऊ. २०२३ च्या खरीप हंगामातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना राज्य शासनाने अर्थसाहाय्य दिले. ०.२ हेक्टरपेक्षा कमी क्षेत्रास सरसकट १,००० रुपये आणि त्यापेक्षा अधिक क्षेत्रास हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असा तो नियम होता. वाचताना हा नियम सोपा वाटतो. परंतु तपासणी करणाऱ्याने लगेच प्रश्न विचारले पाहिजेत. क्षेत्र नेमके ०.२ हेक्टर असेल तर कोणता नियम लागू करावयाचा? एकाच शेतकऱ्याकडे दोन्ही पिके असतील तर मर्यादा प्रत्येक पिकास धरावयाची की दोन्हींस मिळून? सामाईक खात्यात रक्कम कोणाच्या नावे दाखवावयाची? या प्रश्नांची उत्तरे आज्ञावली लिहिणाऱ्याने आपल्या अंदाजाने ठरवू नयेत. ती संबंधित विभागाकडून लेखी घ्यावीत.

यानंतर चाचणीची उदाहरणे निवडावयाची. अनुभव असा की चुका मधल्या आकड्यांत क्वचित सापडतात, त्या सीमेवर दडलेल्या असतात. म्हणून एक हेक्टराचे एकच उदाहरण तपासून भागत नाही. ०.१९, ०.२० आणि ०.२१ हेक्टर, तसेच १.९९, २.०० आणि २.०१ हेक्टर अशी सीमेच्या दोन्ही बाजूंची क्षेत्रे घालून पाहावी लागतात. वरील नियमात ०.२० हेक्टरास कोणत्याही बाजूने हिशोब केला तरी १,००० रुपयेच येतात. दोन हेक्टरांस १०,००० रुपये येतात आणि २.०१ हेक्टरांसही तेवढेच आले पाहिजेत. क्षेत्र शून्य असले, ऋण आकडा भरला गेला किंवा आकड्याच्या जागी अक्षरे भरली गेली तर आज्ञावली काय करते, हेही पाहावे लागते. अशी उदाहरणे अपेक्षित उत्तरांसह आधीच लिहून ठेवली म्हणजे चाचणी ही मर्जीची बाब न राहता पद्धतशीर काम होते.

परिमाणांचा घोळ आणि हरवलेला आर

मराठवाड्यातील वृद्ध शेतकरी आजही एकर-गुंठ्यांत बोलतो, तर सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. चाळीस गुंठ्यांचा एक एकर आणि शंभर आरांचा एक हेक्टर होतो. एक गुंठा म्हणजे एका आराहून किंचित अधिक, सुमारे १.०१२ आर. समजा, एका जुन्या नोंदीत ३ एकर २० गुंठे क्षेत्र आहे. त्याचे १ हेक्टर ४१.६४ आर होतात. पूर्ण आरांत मांडल्यास १ हेक्टर ४२ आर होतील. आता तीन भावांत समान वाटणी झाली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४७.३३ आर येतात. आज्ञावलीने प्रत्येकाचे क्षेत्र ४७ आर लिहिले तर तिघांची बेरीज १४१ आर होते आणि गटाचे क्षेत्र मात्र १४२ आर राहते. एक आर, म्हणजे शंभर चौरस मीटर जमीन, कागदावरून नाहीशी होते. शेतात ती जागच्या जागी असते, पण तिच्यावरून बांधाचा वाद उभा राहतो. म्हणून खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळते की नाही, ही तपासणी आज्ञावलीने स्वतः करावी आणि मेळ बसत नसल्यास ते तात्काळ निदर्शनास आणावे, अशी रचना असावी लागते.

परिमाणांचा घोळ केवळ आपल्याकडेच होतो असे नाही. अमेरिकेच्या अवकाश संस्थेने मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी पाठविलेले एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचताच नष्ट झाले. जमिनीवरील एका आज्ञावलीने रेट्याचे मोजमाप पौंडात दिले होते आणि ते वापरणाऱ्या दुसऱ्या व्यवस्थेने ते आंतरराष्ट्रीय पद्धतीतील न्यूटनचे असल्याचे गृहीत धरले होते. दोन्ही बाजूंचे तंत्रज्ञ निष्णात होते. परंतु एका व्यवस्थेचा आकडा दुसरीत जाताना त्याचे परिमाण तपासण्याची पायरी निसटली. जेथे दोन व्यवस्था जोडल्या जातात तेथील सांधा सर्वांत कच्चा असतो, हा त्या घटनेचा बोध आहे. दुय्यम निबंधक कार्यालयातील दस्तनोंदणी फेरफाराच्या प्रणालीशी जोडताना किंवा पीक पाहणीची माहिती अनुदानाच्या प्रणालीत घेताना हाच बोध उपयोगी पडतो.

चावडी वाचन : लोकांनी केलेली चाचणी

राज्यातील ई-फेरफार प्रणाली पुणे येथील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केली असून जमाबंदी आयुक्त कार्यालयाच्या मार्गदर्शनाखाली ती राबविली जाते. संगणकावरील सातबारा मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहण्याचे मोठे काम त्या वेळी करावे लागले. त्यासाठी दुरुस्तीची स्वतंत्र सोय प्रणालीत करण्यात आली आणि विसंगती दाखविणारे अहवाल काढून त्या दूर करण्यात आल्या. तथापि कागदाशी कागद जुळला म्हणजे वस्तुस्थितीशी जुळलाच असे होत नाही. म्हणून २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकीकृत सातबारा गावकऱ्यांसमोर वाचून दाखवावा, खातेदारांनी तो ऐकावा आणि चूक आढळल्यास तेथेच सांगावी, अशी ती पद्धत होती. तपासणी आणि वाचन यांच्या पायऱ्यांनंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांना मिळू लागला.

आज्ञावली शास्त्रात यास स्वीकृती चाचणी म्हणतात. जो वापरणार आहे त्याच्यासमोर काम ठेवून त्याची मान्यता घेणे, हा तिचा अर्थ. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाला जी चूक कधीही दिसणार नाही, ती गावातील एखाद्या आजीबाईच्या कानांना तात्काळ जाणवते. आपल्या मयत पतीचे नाव अजून तसेच आहे आणि वारसांत धाकट्या मुलीचे नाव वाचलेच गेले नाही, हे तिला जितके नेमके कळेल तितके दुसऱ्या कोणास कळणार नाही. तपासणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी ताळा, नंतर वाचन आणि मग स्वाक्षरी. हा क्रम उलटा झाला तर चुकीच्या नोंदीवर अधिकृततेची मोहोर उमटते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, ती खोटी असल्याचे सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे चूक एकदा नोंदीत शिरली की ती खोटी ठरविण्याचे ओझे सामान्य माणसावर पडते. गुणवत्तेच्या हमीची निकड या एका तरतुदीवरून स्पष्ट व्हावी.

बदल अटळ आहेत

आज्ञावली एकदा तयार झाली की काम संपले, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः वापरात असलेली आज्ञावली सतत बदलत असते. कायदे बदलतात, योजना बदलतात, जिल्ह्यांची नावे बदलतात, यंत्रे आणि मोबाइल संचही बदलतात. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात शासकीय दस्तऐवजांवर स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहावयाचे, असा निर्णय राज्य शासनाने घेतला. सामाजिकदृष्ट्या हा निर्णय महत्त्वाचा आहेच. पण आज्ञावलीच्या दृष्टीने पाहिल्यास त्याचे परिणाम किती दूरवर जातात, हे शाळेतील शिक्षकांच्या लगेच लक्षात येईल. जन्मनोंदणी, शाळेतील प्रवेश नोंदवही, शाळा सोडल्याचा दाखला, परीक्षेचे प्रमाणपत्र आणि मालमत्तेचे दस्त या सर्वांच्या प्रणालींत नावाचे रकाने नव्याने रचावे लागतात. एका प्रणालीत नावाचे चार भाग आणि दुसरीत तीनच भाग राहिले, तर एकाच मुलाची दोन वेगवेगळी नावे तयार होतात. त्याशिवाय त्या तारखेपूर्वी जन्मलेल्यांच्या नोंदी पूर्वीप्रमाणेच चालू राहिल्या पाहिजेत. छोटा वाटणारा बदल इतक्या ठिकाणी हात घालतो.

फेरफार नोंदवही हाच आदर्श नमुना

असा बदल कोणत्या शिस्तीने करावा? याचे उत्तर गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत आहे. अधिनियमाच्या कलम १४९ व १५० मध्ये फेरफाराची रीत दिलेली आहे. जमिनीत हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावयाची. ग्राम महसूल अधिकाऱ्याने, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याने, ती फेरफार नोंदवहीत क्रमांक घालून लिहावयाची. नोंदीची प्रत चावडीत लावावयाची आणि हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची. कोणाची हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन तिचा निर्णय करावयाचा. त्यानंतर मंडळ अधिकाऱ्याने नोंद तपासून प्रमाणित करावयाची आणि मगच तिचा अंमल सातबाऱ्यावर द्यावयाचा. या रीतीत कोणीही, कितीही घाई असली तरी, सरळ सातबाऱ्यावर लेखणी चालवू शकत नाही.

आज्ञावलीतील बदलाच्या पायऱ्या याच आहेत. वर्दीच्या जागी बदलाची लेखी मागणी येते. तिला क्रमांक दिला जातो. नोटीस व हरकतीच्या जागी परिणामांचा विचार होतो. हा बदल केल्यास आणखी कोणते नमुने, अहवाल आणि जोडलेल्या प्रणाली प्रभावित होतील, हे संबंधितांना विचारले जाते. नंतर बदल मंजूर करावयाचा, पुढे ढकलावयाचा की नाकारावयाचा, याचा निर्णय एक लहान समिती घेते. मंजुरीनंतर बदल लिहिला जातो, स्वतंत्र व्यक्तीकडून तपासला जातो आणि ठरलेल्या दिवशी अंमलात येतो. आज्ञावलीला नवा आवृत्ती क्रमांक मिळतो. कोणत्या आवृत्तीत कोणत्या मागणीवरून काय बदलले, याची नोंद कायम राहते.

यांतील दोन तत्त्वे विशेष ध्यानात घेण्यासारखी आहेत. पहिले असे की नोंद लिहिणारा आणि ती प्रमाणित करणारा एकच नसतो. ग्राम महसूल अधिकाऱ्यावर अविश्वास म्हणून ही व्यवस्था केलेली नाही. स्वतः लिहिलेल्या मजकुरातील चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. आज्ञावली लिहिणाऱ्यानेच तिचा अंतिम निर्णय देऊ नये, हा गुणवत्ता हमीचा मूलभूत नियम याच कारणाने आला आहे. दुसरे तत्त्व असे की जुनी नोंद खोडून नाहीशी करावयाची नसते. सातबाऱ्याच्या सुधारित नमुन्यात कमी झालेल्या खातेदाराच्या नावावर आडवी रेघ येते, पण नाव वाचता येते. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांकही तेथे मिळतो. आज कोणी विचारले की ही नोंद अशी का झाली, तर मागोमाग जात मूळ वर्दीपर्यंत पोचता येते. आज्ञावलीच्या जुन्या आवृत्त्याही अशाच जपून ठेवाव्या लागतात. नवा बदल चुकल्यास मागील आवृत्तीवर परत येण्याची वाट त्यामुळे खुली राहते.

साध्या लेखनप्रमादाची दुरुस्तीदेखील कलम १५५ खाली रीतसर करावी लागते. "एवढेसे तर आहे, गुपचूप सुधारून टाकू" हा मार्ग कायद्याने ठेवलेला नाही. आज्ञावलीच्या क्षेत्रात मात्र हा मोह वारंवार होतो. रात्रीतून केलेली आणि कोठेही न नोंदलेली दुरुस्ती पुढील महिन्यात दुसरी चूक घेऊन येते आणि तेव्हा तिचे मूळ शोधणे कठीण होते.

नवे करताना जुने बिघडू नये

बदलाबाबतची आणखी एक सावधगिरी युरोपमधील एका घटनेवरून समजते. ४ जून १९९६ रोजी आरियान ५ हा नवा अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाला. दिशा सांभाळणारी त्याची आज्ञावली आधीच्या आरियान ४ वरून घेतलेली होती आणि तेथे ती नीट चाललेली होती. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग मात्र अधिक होता. तो दर्शविणारा आकडा ३२,७६७ पर्यंतच बसू शकणाऱ्या जागेत मावला नाही आणि सर्व व्यवस्था कोलमडली. आज्ञावली तीच होती, तिची परिस्थिती बदलली होती, आणि बदललेल्या परिस्थितीत तिची चाचणी झालेली नव्हती.

यावरून असा नियम निघतो की बदल आज्ञावलीत झाला असो वा तिच्या भोवतालच्या परिस्थितीत, पूर्वी यशस्वी झालेल्या चाचण्या पुन्हा घेतल्या पाहिजेत. वारस नोंदीची सोय सुधारली म्हणून केवळ वारस नोंदच तपासावयाची नाही, तर खरेदी, बोजा आणि वाटणी यांच्या जुन्या उदाहरणांवरूनही पुन्हा हात फिरवावयाचा. घराच्या एका भिंतीत नवीन खिडकी पाडल्यावर सुज्ञ गवंडी शेजारच्या भिंतीलाही तडा गेला नाही ना, हे पाहतोच.

ई-पीक पाहणीचा अनुभव

गाव नमुना बारामधील पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून छायाचित्रासह करावी, अशी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार झालेली ही प्रणाली त्यापूर्वी निवडक तालुक्यांत राबवून पाहण्यात आली होती. एकदम राज्यभर न जाता थोड्या भागात अनुभव घेणे, हा बदल व्यवस्थापनाचा मान्य मार्ग आहे.

प्रत्यक्ष वापरात आल्यावर शेतकऱ्यांच्या गरजा अधिक स्पष्ट झाल्या. २०२२ च्या खरिपासाठी दुसरी आवृत्ती आणण्यात आली. तीत गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश घेऊन छायाचित्र त्या शेतातीलच आहे किंवा कसे, हे कळण्याची सोय करण्यात आली. चूक झाल्यास ४८ तासांत एकदा स्वतः दुरुस्ती करण्याची मुभा शेतकऱ्यास मिळाली. मुख्य पिकासोबत मिश्र पिकांची नोंद करता येऊ लागली. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून किमान १० टक्के नोंदींची पडताळणी तलाठ्याने करावी, असे ठरले. पुढे रब्बी २०२४ पासून केंद्र शासनाच्या डिजिटल पीक सर्वेक्षण पद्धतीनुसार ही पाहणी करण्यात येऊ लागली. तीत छायाचित्र शेतापासून ठराविक अंतराच्या आतच काढावे लागते.

या आवृत्त्यांकडे बारकाईने पाहिल्यास प्रत्येक सुधारणा शेतातील एखाद्या अडचणीचे उत्तर असल्याचे दिसेल. सोयाबीन आणि तूर एकत्र पेरणाऱ्या शेतकऱ्याला एकच पीक नोंदविण्यास सांगणारी आज्ञावली तांत्रिकदृष्ट्या कितीही शुद्ध असली तरी मराठवाड्याच्या शेतीला ती अपुरी आहे. त्याचबरोबर प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर नवी अडचणही येऊ शकते. जुन्या मोबाइल संचावर ती चालते काय, रानात संपर्क नसताना छायाचित्र सुरक्षित राहते काय, वयोवृद्ध शेतकऱ्याला पडद्यावरील सूचना समजतात काय, हे प्रश्न दरवेळी नव्याने तपासावे लागतात. हंगामाची मुदत संपत आलेली असताना मोठा बदल अंमलात आणणे टाळावे, हाही याच शिस्तीचा भाग आहे. त्या वेळी झालेला बिघाड यंत्र दुरुस्त झाल्यावरही भरून येत नाही, कारण पीक तोवर काढले गेलेले असते.

गावपातळीवरील जबाबदारी

या सर्व व्यवस्थेत गावातील कार्यकर्त्याचे काम काय, असा प्रश्न कोणी विचारील. ते काम मोठे आहे. कोणतीही चाचणी वापरणाऱ्यांच्या माहितीवाचून पुरी होत नाही. मात्र "ॲप चालत नाही" एवढेच कळविल्याने तंत्रज्ञाला काही बोध होत नाही. तक्रार पंचनाम्यासारखी नेमकी असावी. दिनांक व वेळ, गाव आणि गट क्रमांक, कोणती आवृत्ती, कोणत्या पायरीवर काय भरले, पडद्यावर नेमका कोणता मजकूर आला आणि प्रत्यक्षात काय व्हावयास हवे होते, एवढ्या बाबी लिहिल्या तर दोष शोधण्याचे निम्मे काम गावातच होते. पडद्याचे छायाचित्र सोबत जोडले तर अधिक चांगले. त्यात शेतकऱ्याचा आधार क्रमांक वा बँक खाते दिसणार नाही, याची दक्षता घ्यावी.

ग्रामपंचायत सदस्यांनी अशा तक्रारींची एक साधी नोंदवही ठेवावी. तक्रार केव्हा कळविली, कोणास कळविली आणि उत्तर काय आले, असे तीन रकाने पुरेत. एकच दोष पाच शेतकऱ्यांना आला, तर तो शेतकऱ्याचा नसून प्रणालीचा आहे, हे अशा नोंदवहीवरून तात्काळ सिद्ध होते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून हेक्टर-आरची रूपांतरे, वाटणीचे हिशोब आणि अनुदानाच्या नियमांची सीमेवरील उदाहरणे सोडवून घ्यावीत. गणिताच्या तासाचा हा उपयोग मुलांना घरच्या सातबाऱ्याशी जोडील. अधिकाऱ्यांनी नवीन प्रणालीची मागणी करताना काम कोणत्या तारखेस हवे एवढेच न लिहिता ते कोणत्या कसोट्यांवर तपासून स्वीकारले जाईल, हेही आरंभीच लिहून द्यावे. चाचणीसाठी ठेवलेला कालावधी घाईच्या वेळी सर्वांत आधी कापला जातो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. तो कापू न देणे हे प्रशासकाचे कर्तव्य आहे.

संगणकाने काम जलद झाले, यात शंका नाही. परंतु वेग आला म्हणून पडताळणीची गरज कमी होत नाही, उलट वाढते. हाताने लिहिताना एक चूक एका उताऱ्यावर होत असे. आज्ञावलीतील एक चूक एकाच वेळी हजारो उताऱ्यांवर उमटू शकते. वर्दी, नोटीस, हरकत, तपासणी आणि प्रमाणन या क्रमाने गावच्या जमिनीचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला. तोच क्रम आज्ञावलीच्या प्रत्येक बदलास लावला, तर नायगावच्या शेतकऱ्याने आपल्या हाती आलेल्या कागदावर ठेवलेला विश्वास सार्थ ठरेल.